जर्मनीचा दीर्घ मुदतीचा व्हिसा: नकार आला तर कोणते पैसे बुडतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मास्टर्ससाठी जर्मनीला निघालेली मुलं-मुली आणि त्यांचे आईवडील यांना समोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. नवरा किंवा बायको तिथे नोकरीला आहे आणि आता आपल्याला जायचंय, अशांसाठीही शेवटाकडे थोडं आहे. रुपयांतले हिशेब सोपे व्हावेत म्हणून १ युरो म्हणजे १०० रुपये धरला आहे. प्रत्यक्षातला दर तुमच्या बँकेत विचारा.

दीर्घ मुदतीचा व्हिसा म्हणजे नेमका कोणता?

९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर लागतो तो राष्ट्रीय व्हिसा, म्हणजे डी प्रकारचा. शिक्षण, नोकरी, आउसबिल्डुंग (म्हणजे पगारी व्यावसायिक प्रशिक्षण), जोडीदाराकडे राहायला जाणं, हे सगळं यात येतं. फिरायला किंवा मुलाला भेटायला जाण्याचा शेंगेन व्हिसा तो सी प्रकारचा. डी व्हिसाची फी ७५ युरो, १८ वर्षांखालच्यांना ३७.५० युरो. गंमत म्हणजे शेंगेनची फी जून २०२४ पासून ९० युरो झाली आहे, त्यामुळे पंधरा दिवस फिरून येणाऱ्याला दोन वर्षं शिकायला जाणाऱ्यापेक्षा जास्त फी पडते.

डी व्हिसा हा काही महिन्यांचाच असतो. तिथे पोहोचल्यावर शहरातल्या परदेशी नागरिक कार्यालयातून राहण्याचा परवाना काढावा लागतो. त्याला साधारण १०० युरोपर्यंत वेगळे पडतात, ते हिशेबात धरून ठेवा.

आधी टुरिस्ट व्हिसावर जाऊ आणि तिथे बदलून घेऊ, असं चालतं का?

भारतीय पासपोर्टवर चालत नाही. परत येऊन इथूनच डी व्हिसासाठी अर्ज करावा लागतो. "आमच्या ओळखीच्याने केलंय" असं सांगणारा कोणीतरी भेटतोच. त्याचा पासपोर्ट कुठल्या देशाचा होता, एवढं विचारा.

व्हिसा नाकारला तर ७५ युरो परत मिळतात का?

नाही. ही फी अर्ज तपासण्याची आहे. निकाल काहीही लागो, तपासणी झालेली असते. तुम्ही स्वतः अर्ज मागे घेतलात तरीही फी परत येत नाही. व्हीएफएस, म्हणजे दूतावासासाठी अर्ज गोळा करणारी खासगी कंपनी, तिचा सेवाआकार, कुरिअर, एसएमएससारख्या जास्तीच्या सेवा यांचंही तेच. या जास्तीच्या सेवा ऐच्छिक असतात. काउंटरवर घाईघाईत "हो, हो" म्हणण्याआधी पावतीवर काय काय चढतंय ते बघा.

काहींना फी माफ असते. जर्मन सरकारी पैशातून मिळणारी शिष्यवृत्ती, उदाहरणार्थ डीएएडी या जर्मन शिष्यवृत्ती संस्थेची, असेल तर फी लागत नाही. जर्मन नागरिकाच्या जोडीदारालाही लागत नाही. नवरा भारतीय नागरिक असून जर्मनीत नोकरी करत असेल, तर मात्र लागते.

७५ युरोच ना? मग एवढी काळजी कशाला?

कारण बुडण्याजोगे पैसे फीच्या आजूबाजूला असतात. एका मास्टर्सच्या अर्जामागे साधारण काय काय जातं ते पाहा. एपीएस, म्हणजे पदव्या खऱ्या असल्याच्या प्रमाणपत्राचे १८,००० रुपये. युनि-असिस्ट या अनेक जर्मन विद्यापीठांचे अर्ज हाताळणाऱ्या संस्थेमार्फत पाच ठिकाणी अर्ज केले तर पहिल्याचे ७५ आणि पुढच्या चारांचे प्रत्येकी ३० मिळून १९५ युरो, म्हणजे साडेएकोणीस हजार. आयईएल्टीएस किंवा जर्मन भाषेची परीक्षा. कर्ज काढलं तर त्याची प्रोसेसिंग फी. कन्सल्टन्सी लावली तर तिची फी. व्हिसाची ७,५०० रुपयांची फी या यादीत तळाला जाते. आणि अजून ब्लॉक्ड अकाउंट आणि कॉलेजची फी यांच्यापर्यंत आपण आलेलोच नाही.

म्हणून प्रत्येक पैसा देताना एकच प्रश्न विचारायचा: व्हिसा आला नाही तर हे परत येतील का, कोणाकडून, आणि ते लेखी कुठे आहे?

एपीएस काय आहे? त्याचे पैसे वाया जाऊ शकतात का?

भारतीय पदव्या-गुणपत्रिका खऱ्या आहेत का, हे तपासणारी ही दिल्लीतली जर्मन यंत्रणा. १ नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थी व्हिसासाठी तिचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. थोडे अपवाद आहेत, पण पुणे किंवा मुंबई विद्यापीठातून बी.ई. करून मास्टर्सला जाणारा त्यात बसत नाही. फी परत मिळत नाही. मात्र प्रमाणपत्राला मुदत नसते, त्यामुळे पहिला व्हिसा नाकारला गेला तरी पुढच्या अर्जाला तेच चालतं. या अर्थाने हे पैसे वाया जात नाहीत.

वाया जायची शक्यता कागदपत्रांच्या गोंधळात असते, आणि इथे महाराष्ट्रातल्या मुलांची एक खास अडचण आहे. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर क्रम वेगळा. कुठे वडिलांचं नाव गाळलेलं, कुठे आईचं जोडलेलं. नुसता क्रम बदलला म्हणून सहसा कोणी अडवत नाही. स्पेलिंग बदललं की अडतं. दहावीला 'देशमुख'च्या शेवटी एक अक्षर आणि पासपोर्टवर दुसरं, लग्नानंतर पासपोर्ट नव्या नावाचा आणि पदवी माहेरच्या नावाची, असं असेल तर एपीएसला पैसे भरण्यापूर्वी ते निस्तरा. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घेतलेला असेल तर त्याची प्रत जोडा, विवाहाचा दाखला जोडा. विद्यापीठाकडून दुरुस्त गुणपत्रिका मिळवायला किती महिने जातात, हे मी लिहायला नको.

ब्लॉक्ड अकाउंटमधले सगळे पैसे अडकतात का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि रक्कम बघता ते बरोबरच आहे. १ सप्टेंबर २०२४ पासून महिन्याला ९९२ युरोप्रमाणे वर्षाच्या राहण्याखाण्याचे ११,९०४ युरो या खात्यात आधीच भरून दाखवावे लागतात. आपल्या हिशेबाने ११ लाख ९० हजार ४०० रुपये. ही रक्कम कॉलेजची नाही, सरकारची नाही, तुमचीच असते. फक्त तिथे पोहोचल्यावर दरमहा ठरावीक हप्त्यानेच हातात येते.

व्हिसा नाकारला गेला तर नकारपत्र दाखवून खातं बंद करता येतं आणि मुद्दल परत येतं. व्हिसा मिळाला, पण तुम्ही जायचं रद्द केलं, तर प्रकरण थोडं लांबतं. पैसे मोकळे करायला हरकत नाही, असं दूतावासाकडून किंवा वाणिज्य दूतावासाकडून लेखी आणावं लागतं. दोन्ही वेळा पैसे एका रात्रीत येत नाहीत.

जातं ते कडेकडेने. खातं उघडण्याची फी बहुतेक वेळा परत मिळत नाही. काही ठिकाणी मासिक आकारही कापतात. पाठवणाऱ्या बँकेचं शुल्क, मधल्या बँकेचं शुल्क, चलन बदलण्यावरचा जीएसटी. आणि सगळ्यात मोठा फटका विनिमय दराचा. युरो १०० रुपयांना घेतला आणि परत येताना ९८ ने मिळाला, तर ११,९०४ युरोंवर २३,८०८ रुपये गेले. व्हिसा फीच्या तिप्पट. दर कधी तुमच्या बाजूनेही फिरतो, पण त्यावर कोणी बेत आखू नये.

पैसे कर्जाचे असतील तर ते जाऊन परत येईपर्यंतचं व्याज तुमच्याच डोक्यावर. बँकेला आधीच विचारून ठेवा: व्हिसा नाकारला तर परत आलेली रक्कम थेट कर्जखात्यात जमा होईल का, आणि मुदतीआधी कर्ज फेडल्याचा काही आकार लागेल का?

परदेशी पैसे पाठवताना टीसीएस कापला. तोही गेला का?

तो गेलेला नाही. हा आगाऊ कापलेला कर असतो. ज्यांच्या पॅनवर कापला त्यांच्या आयकर विवरणपत्रात तो वळता होतो किंवा परत मिळतो. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला एका पॅनवर १० लाखांपर्यंत पाठवलेल्या रकमेवर तो लागत नाही, आणि मान्यताप्राप्त बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशांवर तर लागतच नाही.

दोन गोष्टी सांभाळा. एक, फॉर्मवर कारण 'परदेशी शिक्षण' असंच लिहिलं गेलंय का ते बघा. शिक्षणाचा दर इतर कारणांच्या २० टक्क्यांपेक्षा बराच कमी आहे, आणि काउंटरवरच्या माणसाने भलताच कोड टाकला तर हजारो रुपयांसाठी वर्षभर थांबावं लागतं. दोन, १० लाखांची मर्यादा माणशी आहे, त्यामुळे काही पैसे आईच्या खात्यातून आणि काही वडिलांच्या खात्यातून पाठवता येतात. ब्लॉक्ड अकाउंटवाली कंपनी दोन खात्यांतून आलेली रक्कम स्वीकारते का, हे मात्र आधी विचारायचं.

ब्लॉक्ड अकाउंटशिवाय मार्ग नाही का?

आहे. पुरेशी शिष्यवृत्ती असेल तर तिचं पत्र चालतं. मामा, आत्या, मोठी बहीण असं कोणी जर्मनीत स्थिरावलेलं असेल तर ते तिथल्या कार्यालयात जाऊन हमीपत्र देऊ शकतात. त्याची फी २९ युरो. १२ लाख अडकवण्यापेक्षा हे नक्कीच स्वस्त. पण ही तोंडी "मी आहे ना" नव्हे. तुमच्या राहण्याखाण्याचा खर्च सरकारवर पडला, तर तो त्यांच्याकडून वसूल होऊ शकतो. त्यांचं उत्पन्न तपासलं जातं. नात्यातल्या माणसाला ही बांधिलकी नीट समजावून मगच गळ घाला.

कॉलेज म्हणतंय, आधी पहिल्या वर्षाची फी भरा, मगच पत्र देऊ. भरावी का?

जर्मनीतली बहुतेक सरकारी विद्यापीठं शिक्षणशुल्क घेत नाहीत, फक्त काही शे युरोंचं सत्रशुल्क घेतात. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो लागतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना फी सुरू केली. तरीही व्हिसाआधी लाखोंची फी भरण्याचा प्रश्न तिथे सहसा येत नाही.

हा प्रश्न खासगी विद्यापीठांचा आहे. त्यातली काही चांगली आहेत, हेही खरं. पण सगळ्यात मोठी रक्कम इथेच बुडते. करारात परताव्याचं कलम शोधा. "व्हिसा नाकारल्यास फी परत" एवढ्यावर समाधान मानू नका. नकारपत्र किती दिवसांत द्यायचं? नोंदणीशुल्क कापून परत की पूर्ण? कागदपत्रं अपुरी होती म्हणून नकार आला तर परत मिळणार का? व्हिसा नाकारला नाही, पण सत्र सुरू होईपर्यंत आलाच नाही, तर त्याला ते काय म्हणतात? हा शेवटचा प्रश्न बहुतेक पालक विचारत नाहीत आणि तिथेच अडकतात. उत्तर ईमेलवर घ्या. फोनवरच्या गोड बोलण्याला काही किंमत नाही.

आणि "आमची सेवा मोफत" म्हणणारी कन्सल्टन्सी तुम्हाला सतत एकाच खासगी विद्यापीठाकडे ढकलत असेल, तर तिला कमिशन कुठून मिळतं हे विचारायला लाजू नका. मोफत सल्ल्याचं बिल कोणीतरी भरत असतंच.

विमानाचं तिकीट, खोलीचं डिपॉझिट?

तिकीट व्हिसा हातात आल्यावर. विमा मागतात, तिकीट मागत नाहीत. स्वस्त मिळतंय म्हणून घ्यायचंच असेल तर रद्द करता येणारं घ्या.

खोलीचं जास्त जपा. जागा मिळणं अवघड, म्हणून विद्यार्थी घायकुतीला येतात, आणि नेमके तेच फसवणाऱ्यांना हवे असतात. "मी सध्या परदेशी आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअर करतो" असं सांगणाऱ्या घरमालकाकडे खोली नसते. पहिल्या महिन्यासाठी हॉस्टेल किंवा ओळखीच्यांकडे सोय करून तिथे जाऊन घर बघणं चांगलं. विद्यार्थी वसतिगृहांच्या प्रतीक्षायादीत नाव मात्र लगेच घाला.

मग पैसे भरण्याचा क्रम काय ठेवावा?

ज्याला मुदत नाही आणि जे पुन्हा वापरता येतं ते आधी: नावाची दुरुस्ती, एपीएस, भाषेची परीक्षा. भाषेच्या निकालाची मुदत मात्र तपासा, आयईएल्टीएसचा निकाल साधारण दोन वर्षं धरतात. मग विद्यापीठांचे अर्ज. प्रवेशपत्र हातात आल्यावर ब्लॉक्ड अकाउंट, त्याच्या आधी नाही. विद्यापीठाचं सत्रशुल्क नोंदणीच्या मुदतीत. तिकीट आणि घर शेवटी. कर्ज मंजूर करून ठेवावं, पण उचल गरजेपुरतीच करावी.

अर्ज आता ऑनलाइन असतो म्हणतात. त्याचा फायदा काय?

२०२५ पासून राष्ट्रीय व्हिसाचे अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या पोर्टलवर भरता येतात. कागदपत्रं चढवली की ती आधी चाळली जातात, काही कमी असेल तर कळवतात, आणि मग बोटांचे ठसे व मूळ कागद देण्यासाठी व्हीएफएसमध्ये जायचं असतं. म्हणजे राहिलेला कागद फी भरण्याआधीच लक्षात येण्याची सोय आहे. पण अर्धवट कागद घाईने चढवून "बघू काय म्हणतात" असं करू नका.

अपॉइंटमेंट फुकट असते. ती मिळवून देण्याचे पाच-दहा हजार मागणारा माणूस जे विकतोय ते त्याचं नाहीच.

व्हिसा नाकारण्याची खरी कारणं काय असतात?

पैशांचा पुरावा अपुरा, हे सोपं कारण. अवघड कारण म्हणजे अधिकाऱ्याला तुमच्या शिक्षणाच्या हेतूबद्दल वाटलेली शंका. मेकॅनिकलमध्ये बी.ई., चार वर्षं आयटीत नोकरी आणि आता पर्यटन व्यवस्थापनात मास्टर्स, असं असेल तर का, हे प्रेरणापत्रात पटेल असं यायला हवं. तेच पत्र कन्सल्टन्सीने दहा जणांसाठी नाव बदलून छापलेलं असेल तर ते वाचणाऱ्याला कळतं. बारावीनंतर किंवा पदवीनंतर दोन वर्षांचा खंड असेल तर लपवू नका. वडिलांचं आजारपण, स्पर्धा परीक्षेची तयारी, जे असेल ते लिहा. एमपीएससीची तीन वर्षं हा काही गुन्हा नाही. लपवलीत, की संशय येतो.

खोटा अनुभवदाखला किंवा फुगवलेलं बँक स्टेटमेंट जोडू नये. तिथे फीच्या पलीकडे पुढच्या सगळ्या अर्जांवर सावली पडते.

नकार आला. आता?

१ जुलै २०२५ च्या आधी दूतावासाकडेच फेरविचाराचा अर्ज करता येत होता, फुकट. ती सोय जर्मनीने जगभर बंद केली. इंटरनेटवरचे जुने सल्ले आणि ती पत्रं लिहून देण्याचे पैसे मागणारे अजून सापडतात. त्यांना पैसे देऊ नका.

आता दोन वाटा. नवा अर्ज, नव्या फीसह, कधीही. किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा, नकारपत्रात दिलेल्या मुदतीत, सहसा एका महिन्यात. दावा जर्मन भाषेत चालतो, न्यायालयाची फी आधी भरावी लागते आणि वेळ महिन्यांत मोजायचा. एका सत्राच्या प्रवेशासाठी मला तरी नवा अर्जच शहाणपणाचा वाटतो, पण नकाराचं कारण दूर करून. तोच गठ्ठा पुन्हा दिला तर तोच निकाल विकत घेतल्यासारखं होतं. जोडीदाराच्या व्हिसासारख्या वर्षानुवर्षांच्या प्रश्नात वकिलाचा सल्ला घेण्यात अर्थ असतो.

पुढच्याच सत्राला पुन्हा अर्ज करणार असाल तर ब्लॉक्ड अकाउंट लगेच मोडू नका. मोडून पुन्हा उघडताना दोनदा चलन बदलतं.

व्हिसा मंजूर झाला, पण उशिरा आला तर?

हिवाळी सत्र सहसा १ ऑक्टोबरला सुरू होतं, उन्हाळी १ एप्रिलला. काही विभाग दोन-तीन आठवडे उशिरा यायला परवानगी देतात, काही प्रवेश पुढच्या सत्रावर ढकलतात, काही सरळ पुन्हा अर्ज करायला सांगतात. उशीर होतोय असं दिसताच विभागाला ईमेल करा, सत्र उलटल्यावर नाही.

नवऱ्याकडे जायचंय. माझे कोणते पैसे धोक्यात आहेत?

फी तीच, ७५ युरो. काहींना ए१, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीची जर्मन परीक्षा द्यावी लागते. नवऱ्याकडे ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांचा राहण्याचा परवाना) किंवा तशा काही परवान्यांपैकी एखादा असेल तर त्यातून सूट आहे, म्हणून क्लासची फी भरण्याआधी त्याचं कार्ड नेमकं कोणतं आहे ते विचारा. विवाहाच्या दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचं प्रमाणीकरण, लागतं का ते दूतावासाच्या यादीत बघा. एजंट त्याचे हजारो सांगतात, प्रत्यक्षात सरकारी फी कागदामागे ५० रुपये आणि वर अधिकृत केंद्राचा किरकोळ आकार.

एजंटाने 'गॅरंटी'चे पैसे घेतले आणि आता फोन उचलत नाही.

व्हिसाची हमी कोणीच देऊ शकत नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, म्हणून कुठल्या खासगी एजंटाला व्हिसा वाटायचा अधिकार मिळालेला नाही. परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटाची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते. ई-मायग्रेट संकेतस्थळावर ती तपासता येते.

पैसे ऑनलाइन जाऊन फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. सेवेत कसूर असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. पावती नसेल तर यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, जे असेल ते जपा. रोख दिले असतील तर अवघड आहे.

इंग्लंड-अमेरिकेत हे सोपं आहे का?

वेगळं आहे. इंग्लंडमध्ये विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो, पण व्हिसा नाकारला तर तो परत येतो. व्हिसा फी येत नाही. अमेरिकेत विद्यार्थ्याची १८५ डॉलरची व्हिसा फी आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची ३५० डॉलरची सेव्हिस फी, दोन्ही परत मिळत नाहीत. पण नकारानंतर वर्षभरात त्याच प्रकारच्या व्हिसासाठी पुन्हा अर्ज केला तर सेव्हिस पुन्हा भरावी लागत नाही. १८५ डॉलर मात्र दर वेळी.

पावत्या किती दिवस ठेवायच्या?

बँकेने पैसे पाठवल्याचा कागद आणि टीसीएसचा दाखला निदान त्या वर्षाचं विवरणपत्र निकाली निघेपर्यंत. कॉलेजची फी परत मागायची असेल तर पैसे खात्यात दिसेपर्यंत सगळंच. नकारपत्राची मूळ प्रत कोणालाही देऊ नका, एजंटालाही नाही. खातं बंद करताना, फी परत मागताना आणि पुढच्या अर्जात "यापूर्वी व्हिसा नाकारला होता का?" या रकान्यासमोर, तिन्ही वेळा तोच कागद लागतो.